न्हाणीघरातली डार्करूम

बर्मिंगहॅममधल्या हँड्सवर्थला माझ्या मर्लीनमावशीच्या घरी शनिवारी दुपारी न्हाणीघर बंद असायचं. आत मी आणि अबेना. खिडकीला जाड पांघरूण, टबावर फळी, फळीवर फोटो धुवायच्या औषधांचे ट्रे. बाहेरून मावशी म्हणायची, "बायांनो, आज मला आंघोळ मिळणार आहे, की उद्या चर्चला अशीच जाऊ?"

अबेनाचे आईवडील घानाचे, आमची माणसं जमैकाची. आम्ही दोघी जन्मलो बर्मिंगहॅममध्ये आणि एकाच कॉलेजात फोटोग्राफी शिकत होतो. तिथे गोऱ्या चेहऱ्यांचे प्रिंट छान निघायचे, आमच्या माणसांचे मात्र नुसते काळे डाग. सर म्हणाले, लाइट वाढवा. वाढवला, तर चेहरे राख फासल्यासारखे दिसायला लागले. आईचा तसला फोटो अबेनाने फाडलाच. "ही माझी आई नाही," म्हणाली. तेव्हापासून आम्ही आमचे प्रिंट घरीच काढायला लागलो.

मावशी कॅमेऱ्यासमोर यायची नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत झगा लख्ख दिसायचा आणि चेहऱ्याच्या जागी फक्त दात. काकांनी त्यावरून तिला जन्मभर चिडवलं. अबेनाने महिनाभर गोड बोलून तिला पटवलं, तेव्हा कुठे एका रविवारी चर्चहून आल्यावर ती हॅट न काढता स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली.

प्रिंट काही जमेना. एक फिकट, दुसरा काळाकुट्ट. अबेना कागदावर पडणारा उजेड तळहाताने अडवत पुन्हा पुन्हा करून बघत राहिली. संध्याकाळी एकदाची ट्रेमध्ये मावशी उमटली. गालावरची चमक, भुवईजवळचा व्रण, हसू दाबलेले ओठ.

मावशीने ओला प्रिंट दोन्ही हातांत धरला.

"मी अशी दिसते होय?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही."

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शन भरवलं, तर फोटो बघून म्हातारेकोतारे अबेनाच्या मागेच लागले. माझा कधी काढतेस? पुढे सगळा उन्हाळा मावशीच्या स्वयंपाकघरात माणसं ठेवणीतले कपडे घालून बसायची आणि मावशीच त्यांना हनुवटी वर करायला सांगायची.

आता त्यातलं जवळजवळ कुणी उरलं नाही. अबेनाचा घानाला, अक्रामध्ये स्टुडिओ आहे, मी इथेच शिकवते. फोनवर आम्ही त्या माणसांची नावं आठवत बसतो. एखादं तिला आठवत नाही, एखादं मला.