तांबीचं पथ्य

गावात कुणाचं पोट बिघडलं की माणसं आधी राहीबाईच्या ओसरीवर येत आणि मग देव आठवत. बाळंतिणीला काय चालतं, जुलाब लागलेल्या पोराला कशाची पेज द्यावी, गाभण गाय वैरणीला तोंड लावत नसेल तर तिला काय चाटवावं, हे सगळं तिला पाठ होतं, आणि आपल्याला पाठ आहे हेही ती कधी विसरत नसे. "माझ्या हातचं खाऊन कुणी उपाशी उठलं न्हाई," असं ती उघड बोलून दाखवायची. त्यावर तिचा नवरा सहादेव म्हणायचा, "उठंल कसं? पोट फुटंस्तवर तू उठूच देत न्हाईस."

त्यामुळं भागिरथीआत्याची कुत्री तिनं आपल्या घरी आणली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. पाथर्डीच्या पूर्वेकडच्या त्या कोरड्या गावात दिवाळी उरकली की निम्मी घरं ऊसतोडीला निघून जात आणि मागं राहत ती म्हातारी माणसं. भागिरथीआत्या गल्लीच्या पलीकडं, अगदी समोरच राहायची. तिचा एकुलता मुलगा कारभारी बायकोला घेऊन तोडीवर गेला, की म्हातारीच्या भाकरीची काळजी राहीबाई वाहत असे. त्या एकाहत्तर-बहात्तरच्या हंगामात मात्र पौषातल्या थंडीनं आत्या झोपेतच गेली. कारभारी निरोप मिळताच आला, दहावा-तेरावा केला, आणि परत निघताना तांबड्या केसांच्या त्या कुत्रीला दोरीला धरून राहीबाईपुढं उभा राहिला.

"काकी, आई तर गेली. तिची ही तांबी तेवढी जगवा. आल्यावर घरात कुनीतरी वळखीचं दिसू द्या."

त्याचे डोळे भरून आलेले पाहून राहीबाईनं दोरी आपल्या हातात घेतली. "जा बिनघोर," ती म्हणाली. "पाडव्याला येशील तवा वळखू यायची न्हाई, इतकी गुबगुबीत करते का न्हाई बघ."

तांबी खायची मात्र अधाशासारखी. भाकरीचा तुकडा भुईला टेकायच्या आत तिच्या तोंडात असे. खाल्लं की ती उठून बाहेर जायची, आणि परत यायची तेव्हा तिचं पोट पाठीला लागलेलं असायचं. पहिल्यांदा परसात तिच्या ओकारीच्या उमाळ्यांचा आवाज राहीबाईनं ऐकला, तेव्हा ती मनातल्या मनात खूशच झाली. पोटाचं दुखणं म्हणजे तिच्या घरचंच काम. तिनं एकदम घालणं बंद करून थोडं थोडं चार वेळा द्यायला सुरुवात केली. ताकात ओवा कुस्करून पाजला, ज्वारीची पातळ आंबील केली, तेल-तिखटाचा वासही लागू दिला नाही. सहादेव एकदा तांबीला पाथर्डीला जनावरांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी जंताचं औषध दिलं आणि पोटात काही दोष नाही म्हणून सांगितलं. जंतही निघाले नाहीत. तांबीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, आणि पहिल्यांदाच राहीबाईला कारभारीला दिलेल्या शब्दाची भीती वाटली. आपल्या दारात, आपल्या हातचं खाऊन एक मुकं जनावर वाळून मरणार, ही गोष्ट तिला सोसवणारी नव्हती.

एके दिवशी शेणसारवण करताना तिच्या ध्यानात आलं, की इतके दिवस कुत्री ओकते आहे, पण आपल्याला ते कुठं सारवावं लागलेलं नाही. अंगणात नाही, परसात नाही, गोठ्यातही नाही.

त्या दुपारी तांबी खाऊन उठली तशी राहीबाई मागोमाग निघाली. कुत्री गल्ली ओलांडून भागिरथीआत्याच्या घरामागं गेली. मागच्या दाराची खालची फळी कुजून तिथं भगदाड पडलं होतं, त्यातून ती आत शिरली. राहीबाईनं दाराच्या फटीला डोळा लावला. विझलेल्या चुलीपुढं तांबी उभी होती. तिनं दोन-तीन उमाळे दिले आणि सगळी भाकरी ओलीगिच्च करून चुलीपुढच्या भुईवर बाहेर काढली. मग चार पावलं मागं सरून, कान पाडून ती बसली, जशी घरची बाई पंगतीला वाढून बाजूला होते.

"पिलं असतील," तिनं घरी येऊन सांगताच सहादेवानं निकाल दिला. "कुत्री पिलांना असंच ओकून भरवती."

राहीबाईला ते शंभर टक्के पटलं. पुढच्या दाराची कडी काढून दोघांनी घर धुंडाळलं. कणगीमागं पाहिलं, वळचणीला पाहिलं, गोधड्या झटकल्या. पिलू नव्हतं, पिलाची लेंडी नव्हती, आणि मघाशी ओकलेलंही काही नव्हतं; चुलीपुढची भुई कोरडी, स्वच्छ होती.

"मग परत तीच खात आसंल."

"तीच खात आसती तर अशी वाळली आसती व्हय?" राहीबाई म्हणाली. सहादेवानं मुंडासं सारखं केलं आणि रानात काम आहे म्हणून तो निघून गेला.

राहीबाई त्या चुलीपुढं थोडी उभी राहिली. आत्या मोठी मानी. दुसऱ्याच्या घरचं खाताना कुणी बघितलेलं तिला चालत नसे. राहीबाई रोज दुपारी उंबऱ्याशी येऊन हाक मारायची, "आत्या, भाकरी आनली हो," आणि आतून आवाज यायचा, "ठिव तितंच." संध्याकाळी ताटली उंबऱ्यावर लख्ख रिकामी असायची. ती बघून राहीबाईला समाधान वाटायचं. भाकरी टपोऱ्या ज्वारीची, खरपूस भाजलेली, वर लसणाची चटणी. असल्या भाकरीला नावं ठेवायची कुणाची टाप होती? आत्याच्या तोंडात गंगाजळ घालताना मात्र राहीबाईच्या बोटाला नुसत्या हिरड्या लागल्या होत्या. वर एक दात नव्हता, खाली एक नव्हता. आता ती आठवण वर आली, आणि तिच्या पाठोपाठ, मग ती ताटली रोज रिकामी कशी व्हायची, हेही येऊ लागलं, तेव्हा राहीबाईनं पदर खोचला आणि घरी येऊन चूल पेटवली. कामाच्या माणसानं नसत्या विचारांच्या नादी लागू नये, असं तिचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी शेळीच्या दुधात कुस्करली, बोटांनी चोळून चोळून तिचा लोण्यासारखा मऊ काला केला, चिमूटभर मीठ घातलं आणि ती वाटी आत्याच्या चुलीपुढं नेऊन ठेवली. "आत्या, काला आनलाय," असं ती म्हणालीही. आणि आत कुणी नाही हे माहीत असून उत्तरासाठी क्षणभर थांबली. मग घरी येऊन तिनं तांबीला वाढलं. तांबी खाऊन पलीकडं गेली, आत डोकावली, आणि परत येऊन ओसरीवर पाय ताणून झोपली. पोट गच्च भरलेलं होतं. संध्याकाळी वाटी पुसल्यासारखी स्वच्छ मिळाली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. तांबीच्या अंगावर मांस धरलं, केस चमकायला लागले. कुणी विचारलं तर राहीबाई सांगायची, "ओवा. ओव्यासारखं औशीद न्हाई." सहादेवानं वाटीबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं त्याला गप्प बसवलं असतं. जनावर बरं झालं होतं. गुण आला की वैद्यानं औषधाची चिकित्सा करायची नसते.

पाडव्याच्या तोंडावर कारभारी आणि त्याची बायको विजयमाला परत आली. तांबी उड्या मारत त्यांच्या अंगावर गेली. कारभारीनं तिला पोटाशी धरलं आणि उठून राहीबाईच्या पायाला हात लावला. "काकी, तुमच्या हाताला यश हाय." इतका निखळ आनंद राहीबाईला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. कारभारी म्हणाला, "आता ती तुमचीच. आमी दिवाळीला पुन्ना जानार, तिचे हाल कशाला?"

दुपारी समोरच्या घरातून धूर निघाला. विजयमालानं भुई सारवली होती, मागच्या दाराला नवी फळी ठोकली होती, चूल पेटवून भाकऱ्या टाकल्या होत्या. नांदतं घर पाहून राहीबाईनं काला कुस्करायला घेतलेली वाटी परत फडताळात ठेवली. झालं, संपलं. तिनं तांबीला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन चुलीपुढं बसली.

तांबीनं सगळं खाल्लं. मग ती उठली, दारापर्यंत गेली, धुराकडं पाहिलं आणि माघारी फिरली. राहीबाईच्या ताटासमोरच्या मोकळ्या जागेपाशी ती थांबली. तिनं दोन-तीन उमाळे दिले, सारवलेल्या भुईवर सगळं बाहेर काढलं, आणि चार पावलं मागं सरून, कान पाडून बसली. तिची नजर राहीबाईकडं नव्हती. ती त्या जागेच्या जरा वर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथं, बघत होती.

राहीबाईनं हातातला घास खाली ठेवला. मग आपलं ताट हळूच अलीकडं ओढून घेतलं आणि समोर बसायला जागा करून दिली.