आत्याची पाठ

जिन्यात कुणीतरी शिंकलं आणि पाळण्याच्या दोरीवरचा माझा हात थांबला.

"आली बघा आत्या!" सासूबाई हरखल्या. बायका पाळण्याभोवती सरकल्या. दुसरी शिंक दाराशीच आली.

छायाताई, माझ्या नणंदबाई. अंबडच्या कंपनीत पॅकिंगला असतात. स्वतःला मूलबाळ नाही. भाचीच्या कानात नाव सांगायचं म्हणून त्यांनी नवी हिरवी साडी घेतली होती, आंगडं-टोपडं स्वतः शिवलं होतं.

माझी लेक दिवस भरायच्या आधीच झाली. काचेच्या पेटीतून घरी आणताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, "थंडीत सर्दीचा एक विषाणू दरवर्षी फिरतो. मोठ्यांना नुसती सर्दी होते, हिच्या छातीत उतरेल. सर्दीवाल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका." सिडकोतल्या आमच्याच गल्लीतली दोन तान्ही बाळं तेव्हा ऑक्सिजनवर होती.

"ये गं छाया, वाक पाळण्यात."

"आई, ताईंना सर्दी आहे," मी म्हणाले.

"शिंकेनं काय होतंय? आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? ओव्याची धुरी दिली की झालं!"

मी लेकीला उचलून छातीशी धरलं. तिच्या बरगड्या माझ्या तळहाताखाली भराभर हलत होत्या. मयूर, माझा नवरा, खाली बघत राहिला.

छायाताईंनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"बरोबर बोलतेय ती, आई." त्यांनी जाळीचं दार बाहेरूनच ओढून घेतलं. "आणि कानात कशाला? मशीनच्या वरताण ओरडायची सवय आहे मला. कुर्रर्र... जुईऽऽ!"

खालच्या मजल्यावरची दारं उघडली. बायका हसल्या.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. छायाताई सवयीनं वाकल्या. भिंतीकडे तोंड, पदर नाकाला. कुणी बाहेर गेलं नाही. त्या तशाच वाकून राहिल्या.

शेवटी सासूबाई उठल्या. जाळी उघडून बाहेर गेल्या, हात उगारला. तो हळूच आपल्या लेकीच्या, छायाताईंच्या पाठीवर उतरला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

आत आल्या त्या माझ्याकडे न बघता थेट बेसिनपाशी गेल्या. साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागल्या.

जाळीला आंगड्या-टोपड्याची पिशवी अडकवलेली होती.

"धुऊन घाल गं तिला," जिन्यातून आवाज आला. मग खाली कुठेतरी आणखी एक शिंक.