सभोवतीचं सर्व काही

टाचणी गंजलेली होती, आणि तिचा तपकिरी डाग खालच्या सातही चिठ्ठ्यांमधून नेमका एकाच जागी उतरला होता. तिनं तो नखानं खरवडून पाहिला तर कागदाचं सालपट निघालं, डाग तसाच. म्हणजे या चिठ्ठ्याही आता पुन्हा लिहून काढा... अकरा दिवस हा एकच शब्द. शब्दकोशाच्या 'प'च्या खंडात 'पर्यटक', 'पर्यवेक्षक', 'पर्याय' ही मंडळी शहाण्यासारखी आपापल्या जागी जाऊन बसली होती. 'पर्यावरण' तेवढं दारात पाय अडकवून उभं.

जुन्या कोशात पाहावं, तर 'पर्यावरण — पाहा : परिसर'. परिसराकडे जावं, तर 'पाहा : भोवताल'. आणि भोवताल पुन्हा परिसराकडे बोट दाखवून मोकळा. पत्ता विचारणाऱ्याला दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या दारात पाठवत राहावं, तसं. तिनं लिहिलं : 'सजीवाच्या सभोवती असणारे सर्व काही'. लगेच खोडलं. सर्व काही म्हणजे काहीच नाही. टेबल, पंखा, समोरच्या भिंतीची ओल, पलीकडे मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचा खोकला — हे सगळं माझं पर्यावरण? की नुसतं वातावरण? आणि लोकांनी तर तो शब्द झाडांना देऊन टाकलाय, जणू त्यांचं आडनावच.

"बाई, ते 'पर्यावरण'... म्हणजे आज संध्याकाळपर्यंत..." मुख्य संपादक दारात उभे होते. वाक्य कधीच पुरं करत नाहीत म्हणून कार्यालयात त्यांना पाठीमागे 'अर्धविराम' म्हणत.

"देते," ती म्हणाली. वीस वर्षांत तिनं कुठलीही नोंद उशिरा दिली नव्हती.

फरक ताडून पाहायला तिनं 'वातावरण'च्या चिठ्ठ्या पुन्हा पसरल्या. वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून, भाषणांतून टिपलेली वाक्यं. सभेतील वातावरण तापले. घरातील वातावरण बिघडले. नंतर वातावरण निवळले... तापलं, बिघडलं, निवळलं — सगळं आपोआप. तापवलं कुणी, बिघडवलं कुणी, एका चिठ्ठीत नाव असेल तर शपथ! करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसलं की माणसं हा शब्द पुढे ढकलतात आणि आपण मागे उभी राहतात. हे मात्र तिला पटलं, थोडं बरंही वाटलं, पेन उचललं — आणि नेमकी मुलगी आठवली.

बारा दिवसांपूर्वीची सकाळ. मुलगी ओट्याला टेकून उभी होती, हातात रिकामा कप. मुलीचे वडील बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात, घरात दोघीच. मुलगी कपाकडे बघत म्हणाली होती, "आई, या घरात ना... वातावरण फार हेवी आहे."

आणि मी म्हणाले — काय म्हणाले मी? — "हेवी नाही, जड. आणि घरातलं वातावरण जड नसतं, कोंदट असतं."

मुलीनं कप विसळून पालथा घातला होता. दुपारी बॅग भरून मावशीकडे गेली. एकवीस वर्षांची मुलगी एका विशेषणावरून घर सोडते! दुसऱ्याच दिवशी कार्यालयात येऊन तिनं ही नोंद हाती घेतली होती, आणि तेव्हापासून ती अशी अडलेली...

जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. डबा अजून उघडलाही नव्हता.

"ऐक, चिडू नकोस. ती मैत्रिणीबरोबर खोली घेतेय, एक तारखेपासून. तुला सांगू नको म्हणाली होती."

"खोली? कशाला? घर आहे तिला."

"इथं ती बडबडते गं. काल तर पोट धरून हसत होती. इथलं वातावरण तिला —"

"वातावरण म्हणू नकोस."

"बरं बाई. मग काय म्हणू?"

तिनं फोन ठेवला आणि डबा पुढे ओढला. हसते? माझ्याकडे ती कधी... नाही, हसायची. लहानपणी. 'माकडाची शेपटी तुटला' म्हणून खिदळायची आणि मी म्हणायचे, तुटली, शेपटी तुटली, म्हण पाहू पुन्हा... पुन्हा म्हणायची ती, अगदी बिनचूक. फक्त हसायची नाही. डब्याचं झाकण निघेना. ते तिनं इतक्या जोरात ओढलं की मुद्रितांच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

चार वाजता ती जिन्यात गेली आणि तिनं मुलीला फोन लावला. भांडायचंच, असं ठरवून. पण पलीकडून "हं, आई" आलं आणि ती पायरीवर खाली बसली.

"मावशीनं सांगितलं ना?" मुलगी म्हणाली.

"हो. मला... मला एवढंच विचारायचं होतं, त्या दिवशी तुला काय म्हणायचं होतं?"

"तूच सांगितलंस की."

"माझं जाऊ दे. तुला काय म्हणायचं होतं?"



"मला नाही नीट सांगता येत गं. म्हणजे... मी घरी असते ना, मजेत असते. वाकडीतिकडी पडून काहीतरी वाचत असते. मग तुझी किल्ली कुलपात फिरते, आणि मी उठून नीट बसते. तू काही बोललेलीही नसतेस. तू आत आलेलीही नसतेस. तरी नीट बसते. तुझी चूक आहे असं नाही म्हणत मी. फक्त नीट बसून बसून दमले."

शब्दांचीच तर नोकरी. "बरं," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि मग तेही चुकीचं वाटलं. "रविवारी येऊ?" तिनं विचारलं.

"खोली लागू दे आधी," मुलगी म्हणाली. "मग बघू."

ती परत टेबलाशी आली. दारात अर्धविराम. "मग बाई, ते..."

"नाही झालं," ती म्हणाली. "आज नाही होणार."

ते गांगरून निघून गेले. तिनं खोडलेली ओळ पुन्हा वाचली — सजीवाच्या सभोवती... अकरा दिवस त्या वाक्यातला सजीव म्हणजे आपणच, हे तिनं गृहीत धरलं होतं. मधोमध मी, आणि भोवती घर, भिंती, गप्प मुलगी, सगळं सोसायला लावणारं. दुसऱ्या कुणाच्या भोवती आपण असू, त्या 'सर्व काही'तलं बरंचसं आपणच असू, हे... तिला एकदम राग आला, मुलीचा, बहिणीचा, मग कुणाचा ते कळेना, आणि राग ओसरलाही नाही. नुसता जागा बदलून बसला.

वीस वर्षं रोज संध्याकाळी ती तेच दार उघडत आली होती. किल्लीचा आवाज कसा येतो, ते तिनं आठवून पाहिलं — बारीक? खरखरीत? एकदा की दोनदा? हाताला ती कशी लागते ते आठवलं, कुठे थोडी अडते तेही. पण आवाज आठवेना. दाराच्या आत बसून तिनं तो कधी ऐकलाच नव्हता.