बेचाळीस पासवर्ड

शहरातल्या अकरा वाचनालयांचे बेचाळीस सर्व्हर चावीकाका सांभाळायचे. सगळे पासवर्ड त्यांच्या डोक्यात, म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं होतं. नऊ वर्षांत त्यांनी सलग चार दिवस रजा घेतली नव्हती.

लेकीला मुलगी झाली, तेव्हाही ते म्हणाले, "रविवारी जाऊन येतो."

"अहो, दहा तासांचा प्रवास," बायको म्हणाली. "दारातून बाळाला हात करून परत फिरणार का?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विषय काढला. "काका, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन साठवता येतं. पासवर्ड तुम्ही एकदाच टाकायचा. मी यादीतून फक्त नाव निवडून आत जाईन. मला नुसते ठिपके दिसतील."

"आणि भलत्यानेच वापरलं तर?"

"कोण कधी आत गेलं याची नोंद राहते. तुमच्या डोक्यात राहते का?"

काका हसले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. एकेक पासवर्ड टाकायचा, तपासणीचं बटण दाबायचं, हिरवी खूण आली की पुढचा. सदतिसाव्याला गाडी अडली. पासवर्ड काही केल्या आठवेना.

"रोज तर टाकता," बाई म्हणाल्या.

"मी कुठे टाकतो? बोटं टाकतात." त्यांनी डोळे मिटले, हात कीबोर्डवर सैल सोडले. बोटं आपसूक धावली. हिरवी खूण आली.

गुरुवारी दोघं नवराबायको लेकीकडे पोचली. शुक्रवारी नात मांडीवर झोपलेली असताना फोन वाजला. बायकोने तो काकांच्या कानाला लावला.

"काका, चौथ्या वाचनालयाचा सर्व्हर सकाळी अडकला होता. साठवलेलं लॉगिन निवडलं, आत गेले, पुन्हा चालू केला. पाच मिनिटांचं काम."

"मग फोन कशाला केलास?"

"बाळाचा फोटो कुठे आहे? इथे सगळे खोळंबलेत."

काकांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून फोटो बायकोने काढला. त्यात नातीचा नुसता कान आला आणि काका तोंडभर हसताना आले. बाईंचं उत्तर लगेच आलं: "कान सुंदर आहे."

"रजा आठ दिवस वाढवू म्हणतो," काका हळू आवाजात म्हणाले.

"पंधरा दिवसांचा अर्ज करा," आतून लेक म्हणाली.

त्यांनी पंधराचाच केला.