क्षमावाणीची पत्रिका

एकविसावा फोन ठेवून चंदनबालाबाईंनी वहीतल्या नावापुढे बरोबरची खूण केली. फोन सुनेचा होता. त्यांचा स्वतःचा फोन मुलाने, भरतेशने, पोलिसांत तक्रार देऊन आल्यावर बंद करून कपाटात ठेवला होता.

दोन दिवसांपूर्वी, क्षमावाणीच्या सकाळी, वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागायची त्या दिवशी, त्यांना फोनवर शेजारणीच्या नावाने एक पत्रिका आली. बाईंनी ती उघडली आणि फोनने जे जे विचारले त्याला हो म्हटले. दुपारपर्यंत तीच पत्रिका त्यांच्या नावाने ओळखीच्या प्रत्येकाकडे पोचली. उघडेल त्याचा फोन चोरांच्या ताब्यात; म्हणून एकेकाला फोन करून सावध करणे चालले होते. तीस वर्षे शाळेत पोरांना 'आधी विचार, मग कर' शिकवलेल्या बाई. आता लाजेने त्यांची मान वर होत नव्हती.

"एकच राहिलं, आई," सून प्राची म्हणाली. "त्रिशलाकाकू."

"त्या माझं कशाला उघडत्यात?"

बाईंनी वही मिटली. त्रिशला त्यांची थोरली जाऊ. अकरा वर्षांपूर्वी सासूच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात, तेव्हा बाईंनी तिला भरल्या घरात चोर म्हटले होते. जिभेला हाड नसते. महिन्याभराने पाटल्या बाईंच्याच ट्रंकेत, शालूच्या घडीत निघाल्या. सांगायची लाज वाटली, आणि लाजेपायी वर्षे गेली. दर क्षमावाणीला बाई साऱ्या सांगलीची क्षमा मागत, एक त्रिशलाचे घर सोडून.

प्राचीने तोवर नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला होता.

"अक्का, मी चंदना. माझ्या नावानं काय आलं असंल तर उघडू नकासा."

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज आला.

"उघडलं की गं. तवाच."

"मग?"

"दुधाचं साठलेलं सगळं गेलं. काल बँकेत जाऊन आले."

"आवं, पण असलं काय आलं तर आधी इचारायचं न्हाई व्हय कुणाला?" बाईंमधली मास्तरीण बोलून गेली.

"काय इचारायचं? क्षमावाणीचं पत्र, आन् वर तुझं नाव. मला वाटलं, अकरा वर्सांनी का हुईना..."

बाईंनी मिटलेली वही दूर सारली.

"म्हंजी तू न्हवतं पाठवलंस," त्रिशला म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोसला असता.

"न्हाई, अक्का."

फोन बंद झाला. बाई उठल्या, ट्रंक उघडली आणि तळाशी हात घातला.

"भरतेशला गाडी काढाय सांग. समडोळीला, अक्कांकडं जायाचं."

प्राची त्यांच्या हाताकडे बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिने या पाटल्या चोरीला गेल्याचेच ऐकले होते.

"माझ्याकडंच हुत्या," बाई म्हणाल्या. "बोलले भरल्या घरात, तवा सांगायचंबी भरल्या घरात. तुमी दोघंबी चला."