रविवारचा चिखल

"सही करायच्या आधी हे बघा," म्हणत बायकोनं चिंगीची जर्सी माझ्या पुढ्यात टाकली. मी पेनचं टोपण काढून बसलो होतो. समोर निवड संघाचा पुढच्या वर्षाचा फॉर्म होता आणि पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"काय बघू? चिखल आहे. फुटबॉल खेळणाऱ्या पोरीच्या अंगाला काय अत्तर लागणार?"

"हा पडून लागलेला चिखल नाही. चोळलेला आहे."

इथं माझ्या बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. गेली सतरा वर्षं ती इस्पितळाच्या धुलाई विभागात आहे. रक्ताचा डाग आजचा की कालचा, औषध सांडलं की मुद्दाम ओतलं, हे ती लांबून सांगते. एकदा एक आजोबा तीन दिवस गोळ्या न गिळता उशीत थुंकत होते, ते डॉक्टरांच्या आधी हिला कळलं होतं. तिथं तिला सगळे 'डागवाल्या बाई' म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र बसच्या स्टिअरिंगपलीकडचं फारसं काही कळत नाही.

"पडल्यावर माती धाग्यात शिरते," ती म्हणाली. "गवताचा हिरवा डाग पडतो, तो काही केल्या जात नाही. ही माती वरवर बसलीय. आणि ही बघा, चार बोटं. आता कॉलर हुंगा."

मी हुंगली. साबणाचा वास आला.

"तासभर धावलेल्या पोरीच्या कॉलरला साबणाचा वास येतो?"

"किती दिवस चाललंय हे?"

"सहा रविवार."

"आणि मला आज सांगतेस?"

"ती स्वतःहून सांगेल म्हणून थांबले होते. पण तुम्ही सही केलीत, तर अजून एक वर्ष ती चिखल चोळत बसेल."

मी टोपण परत लावलं. दोनशे मुलींमधून अठराजणी निवडल्या, त्यात आमची चिंगी होती, तेव्हा मी अख्ख्या डेपोला चहा पाजला होता. रविवारी आम्हा दोघांनाही ड्युटी, त्यामुळे सामना कधी बघायला मिळाला नाही. पण संध्याकाळी माखलेली जर्सी बघितली की माझी छाती फुगायची. सोमवारी कंडक्टरला सांगायचो, "काल पोरगी काय पडली म्हणतोस! नुसती लोळलीय मैदानभर."

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी रजा काढली आणि चिंगीला न सांगता मैदानावर गेलो. चोरासारखे एका टेम्पोच्या आड उभे राहिलो. बाकीच्या मुली वर्षभरात वीतभर उंच झाल्या होत्या. आमची तेरा वर्षांची चिंगी त्यांच्या खांद्याला लागत होती, आणि संघाच्या नव्या सरांना उंच मुली हव्या होत्या, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. सामन्याआधी तिनं गोलकीपरला सराव दिला. पन्नासेक फटके मारले असतील, एकेक नेमका. मग ती बाकावर जाऊन बसली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. पण बसली तरी गप्प नव्हती. "मागं बघ! डावीकडे मोकळी आहे!" असं घसा फाटेस्तोवर ओरडत होती, गोल झाला तेव्हा सगळ्यांत उंच उडी तिची होती.

सामना संपला. मुली कपडे बदलायला गेल्या. चिंगी एकटीच मागच्या नळापाशी गेली, ओंजळीत पाणी घेऊन मातीत ओतलं आणि ती माती गुडघ्यांना, पोटाला, बाहीला लावू लागली. अगदी मन लावून, एखादं काम उरकावं तशी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढं निघालो, तशी बायकोनं माझं मनगट धरलं.

"सरांना जाऊन विचारतो. पोरीला शोभेची बाहुली केलीय का?"

"सरांना काय विचारता? ती माती सरांसाठी नाही लावत. आपल्यासाठी लावतेय."

कंडक्टरला मारलेल्या बढाया एकेक करून आठवल्या आणि स्वतःचीच लाज वाटली.

घरी आल्यावर चिंगी नेहमीसारखी जर्सी बादलीत टाकायला गेली. बायको तिथंच स्टुलावर बसली होती.

"आम्ही आज आलो होतो," ती म्हणाली.

चिंगीनं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "नळापर्यंत?"

"नळापर्यंत."

मग ती रडली. रडता रडता म्हणाली, "बाबा किती खूश असतात, आई. डेपोतले काका मला चॅम्पियन म्हणतात. काय सांगणार होते मी? बाकावर बसून आले?"

"खेळ आवडतो का गं अजून?" बायकोनं विचारलं.

"खेळ आवडतो. रविवार नाही आवडत."

"मग सोड," मी म्हणालो. "उद्याच सोड. मी येतो सरांना सांगायला."

"उद्या नाही. अजून तीन सामने आहेत, बाबा. गोलकीपरला माझ्या फटक्यांची सवय आहे. मी मध्येच गेले तर तिची पंचाईत होईल. सीझन संपला की सोडते. आणि सरांना मीच सांगते, तुम्ही नका येऊ."

मी बायकोकडे बघितलं. एवढ्याशा पोरीनं बाकावर बसायला स्वतःहून तीन रविवार मागून घ्यावेत, हे मला झेपत नव्हतं. बायको मात्र एवढंच म्हणाली, "बरं. पण आता माती लावायची नाही. जशी असेल तशी आण."

पुढचे दोन रविवार जर्सी कोरी करकरीत आली. बायकोनं ती तरीही धुतली, इस्त्री केली, घडी घालून चिंगीच्या पिशवीत ठेवली. डेपोत कंडक्टरनं विचारलं, "काय, चॅम्पियन काय म्हणतात?" मी म्हणालो, "बाकावर होती. गोलकीपर तयार करते ती." हे सांगतानाही माझी छाती फुगलीच. सवय वाईट.

शेवटच्या सामन्याला आम्ही टेम्पोच्या आड नाही, थेट बाकामागं उभे राहिलो. सामन्याआधी चिंगी सरांकडे गेली. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सर, पुढच्या वर्षी मी नाही. गल्लीतल्या मुलींबरोबर खेळणार आहे."

सरांनी शिट्टी हातात फिरवली. माणूस वाईट नव्हता. "अगं... बरं, मग आज शेवटची पाच मिनिटं उतर. वर्षभर आलीस, तेवढं तरी."

"टीमला गरज असेल तर उतरते, सर. निरोप म्हणून नको."

मी खाली मान घातली. पोटच्या पोरीपुढं आपण लहान आहोत असं वाटणं फार सुखाचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. बायको पदरानं नाक पुसत होती आणि धूळ आहे म्हणून सांगत होती.

बरोबरी चालू होती. शेवटच्या दहा मिनिटांत सरांनी दोनदा बाकाकडे बघितलं. दोन्ही वेळा चिंगी उभी राहिली, मोजे वर ओढले. पण सरांनी बोलावलं नाही. एका उंच मुलीला उतरवलं. सामना बरोबरीतच सुटला. चिंगीनं टाळ्या वाजवल्या, गोलकीपरला मिठी मारली, सगळ्यांशी हात मिळवला, सरांशीही.

मैदान रिकामं झालं. पलीकडच्या कोपऱ्यात एक चेंडू राहिला होता. तो आणायला चिंगी धावत गेली. परत येताना तिनं तो हातात घेतला नाही. पायाशी घेतला, रेषेला धरून वेगात निघाली, मध्ये कोणीतरी आडवं येतंय असं समजून दोनदा वळली, चेंडू बाजूनं काढला आणि पुन्हा सुटली.

मी घड्याळ बघितलं. "चल गं, बस निघेल!" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं.

बायकोनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "खेळतेय ती."