बुटक्या दाराचं घर

मित्रांनो, मी एक जुनं घर आहे. जुनं म्हणजे दोन वर्षांचं. हसू नका. माझी भिंत तुमच्या वितीएवढीही नाही, कौलं लाल आहेत, आणि आजवर माझ्या दारातून एकही माणूस आत आलेला नाही. याचा मला मनापासून राग येतो.

माझा जन्म अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या एका गॅरेजमध्ये, थ्रीडी प्रिंटरवर झाला. मला घडवलं प्रल्हादने. तो चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याची पंधरा वर्षांची मुलगी रुही एका क्लबात टेबलावर छोट्या शिपायांच्या लढाया खेळते. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी पहिल्यांदाच अख्खं टेबल तिने मांडायचं होतं. मधोमध एक घर हवं होतं, कारण लढाई त्या घराच्या ताब्यासाठीच होती. ते घर प्रल्हादने गुपचूप करायचं ठरवलं. मुलगी मोठी झाल्यापासून बापलेकीत बोलायला विषयच उरला नव्हता. माझ्या निमित्ताने तो निघेल, अशी बिचाऱ्याची आशा.

रुहीची आई मालिनी म्हणाली, "प्रल्हाद, तिला एकदा विचार ना यार."

"सरप्राइज आहे गं. आणि साधं स्केलिंग तर आहे, त्यात काय विचारायचं?"

शिपाई अठ्ठावीस मिलिमीटरचा, असं डब्यावर छापलेलं होतं. प्रल्हादने सहा फुटी माणूस धरला, भागाकार केला आणि माझं दार एकतीस मिलिमीटरचं ठरवलं. वर तीन मिलिमीटर शिल्लक, म्हणून स्वारी खूश! पण ते अठ्ठावीस तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचेच असतात. वर कपाळ आणि टोपी, शिवाय पायाखाली शिपाई चिकटवतात ती जाड चकती. रुहीच्या खोलीत शिपायांची रांग उभी होती. त्यातला एक उचलून माझ्या दाराशी धरायला कितीसा वेळ लागला असता? दिवसभर नॅनोमीटर मोजणारा माणूस घरी मिलिमीटरमध्ये गंडला. अकरा दिवस तो एकेक कौल रंगवत होता आणि मी चरफडत होतं.

शनिवारी क्लबात त्याने मला खोक्यातून काढलं. रुहीचा चेहरा असा उजळला की मीही सगळं विसरलं.

"ओह माय गॉड, बाबा! तू बनवलंस?"

मग तिने एक शिपाई माझ्या दारात उभा केला. चौकटीची वरची पट्टी नेमकी त्याच्या डोळ्यांवर आली.

"बाबा, ही कान्ट गेट इन."

"चालतं गं. आम्ही दिवाळीत किल्ला करायचो ना, त्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा. कोणी काही म्हणायचं नाही."

"पण इथे आत जायचंच असतं, बाबा. दॅट्स द होल गेम." मग ती हळूच म्हणाली, "तू मला फक्त विचारायचं होतंस."

रुहीने माझ्या जागी बुटांचं एक रिकामं खोकं उलटं ठेवलं, कात्रीने त्याला दार कापलं, आणि शिपाई खुशाल त्यात शिरले. मला टेबलाच्या पार कोपऱ्यात ठेवलं, लांबचं गाव म्हणून. खोक्यापुढे मी हरलं! तो अपमान मी अजून गिळलेला नाही.

पुढे वर्षभर मी गॅरेजच्या फळीवर आकाशकंदिलाशेजारी धूळ खात होतं. मग एका रविवारी दोघं नवं घर करायला बसली. रुहीने आधी बापाच्या हातात एक शिपाई ठेवला. "आधी हा, मग कॅल्क्युलेशन." जिन्याच्या रुंदीवरून दोघं तासभर भांडली, मनसोक्त. त्यांना विषय सापडला होता. तो माझ्या बुटक्या दारातून निघाला, हे मात्र कोणी म्हणालं नाही.

मित्रांनो, कोणासाठी प्रेमाने घर बांधाल, तर आत राहणाऱ्याला आधी दाराशी उभं करा. आणि ज्याच्यासाठी बांधता, त्याला विचारा. विचारल्याने सरप्राइज जातं, पण घर वाया जात नाही.

नवं घर दर शनिवारी क्लबात जातं. मापाचा तो शिपाई मात्र काम झालं की प्रल्हाद माझ्या दाराशी आणून ठेवतो, चूक आठवावी म्हणून. शिपाई दिवसरात्र तिथे उभा असतो. त्याला आत यायचंय, मला त्याला आत घ्यायचंय. मध्ये फक्त पाच मिलिमीटर आहेत.